फाइल नेमकी कुठे अडली? नेटवर्कच्या रोजच्या शब्दांचा सोलापुरातून एक आढावा

सोलापुरात डिझाइनची फाइल एका जागेहून दुसऱ्या जागी पोचवण्याचं काम कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून चालत आलं आहे. जॅकार्डच्या मागावर चादर विणायची तर आधी तिचं डिझाइन चौकटीच्या कागदावर काढायचं, त्यावरून पुठ्ठ्याची कार्डं पंच करायची आणि ती कार्डं दोऱ्याने एकापुढे एक ओवून मागावर चढवायची. कार्डावर भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. तिसरी शक्यता नाही. कॉम्प्युटरच्या भाषेत याच होय-नाहीला बिट म्हणतात. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ साली ही रचना पक्की केली आणि १८३० च्या दशकात इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी पंच केलेल्या कार्डांची कल्पना तिच्यावरूनच घेतली. जॅकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र बॅबेजच्या संग्रही होतं, आणि ते विणायला सुमारे २४,००० कार्डं लागली होती. सोलापूरच्या पूर्व भागात ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या अशी कार्डं हाताळली, त्यांना बिट हा शब्द नवा असेल, पण त्यामागची गोष्ट नवी नाही.

आता कार्डांची जागा इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड घेत आहे. डिझाइन कॉम्प्युटरवर होतं आणि फाइल पेन ड्राइव्हने किंवा केबलने मागाच्या कंट्रोलरमध्ये जाते. टॉवेलचा निर्यातदार परदेशातल्या ग्राहकाला नमुन्याचे फोटो पाठवतो, फ्लेक्सवाला छपाईची फाइल मागवतो, कर सल्लागार टॅलीतून काढलेली 'जेसन' फाइल जीएसटीच्या पोर्टलवर चढवतो, बारावीची मुलगी प्रवेशाचा अर्ज भरते. यातलं काही अडलं की कानावर ठरलेली तीन वाक्यं येतात : रेंज नाही, नेट स्लो आहे, सर्व्हर डाऊन आहे. बोलणारा खोटं बोलत नसतो. पण या तीन वाक्यांखाली निदान दहा वेगवेगळ्या बिघाडांची सरमिसळ झालेली असते आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. नेटवर्कच्या मूलभूत शब्दांकडे मी याच बाजूने पाहतो. शब्द कळला तर फाइल कुठे अडली ते कळतं, आणि ते कळलं तर दुरुस्त कोणी करायचं हेही कळतं. ज्याला हे कळत नाही तो माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभा राहतो.

सुरुवात मोजमापापासून करू, कारण रोजचा सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच आहे. आठ बिट म्हणजे एक बाइट. फाइलचा आकार बाइटमध्ये सांगतात : केबी, एमबी, जीबी. नेटचा वेग मात्र बिटमध्ये सांगतात. कनेक्शन '१०० एमबीपीएस'चं आहे म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. डाउनलोडच्या खिडकीत १२ चा आकडा पाहून कंपनीने फसवलं असं वाटणारे पुष्कळ लोक भेटतात. तिथे फसवणूक नसते, एकक वेगळं असतं.

हा हिशोब मागाच्याच फाइलवर करून पाहू. उभे धागे उचलणाऱ्या २६८८ हुकांचं जॅकार्ड आणि ४००० आडव्या धाग्यांचं डिझाइन धरलं, तर दोन्हींचा गुणाकार १,०७,५२,००० येतो. एवढ्या होय-नाहीच्या नोंदी म्हणजे एवढे बिट, आणि आठने भागले की साधारण १३ लाख ४४ हजार बाइट, म्हणजे १.३ एमबी. मोबाइलवर काढलेला एखादा चांगला फोटो याहून मोठा असतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून ९.६ किलोबिटचा वेग मिळायचा. त्या वेगाने, एकदाही लाइन न तुटता, हे डिझाइन पोचायला १८ मिनिटांहून जास्त वेळ लागला असता. आजच्या १०० एमबीपीएसवर सेकंदाचा दहावा भाग पुरतो.

अर्थात, जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. फाइल पाठवणाऱ्याला महत्त्व असतं ते अपलोडचं, आणि मोबाइलच्या नेटवर तो वेग बराच कमी असतो. व्हिडिओ सुरळीत चालतो पण मेल जात नाही, याचं कारण बहुधा हेच. स्पीड टेस्ट करताना दुसरा आकडाही वाचायची सवय लावली पाहिजे. तिसरा आकडा पिंगचा, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेचा. काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. त्यामुळे चारशे किलोमीटरवरच्या मुंबईला जाऊन यायला निव्वळ प्रवासाचे चार मिलिसेकंद लागतात, अमेरिकेला जाऊन यायला शंभराहून बरेच जास्त. वेग कितीही विकत घ्या, हा वेळ त्याखाली जात नाही. ऑनलाइन वर्गात प्रश्न विचारल्यावर जी क्षणभराची शांतता पसरते ती याच खात्यातली.

अर्जांच्या पोर्टलवर 'फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी' असं लिहिलेलं असतं आणि नेट कॅफेतली निम्मी धावपळ त्यापायी होते. मूळ फोटो तीन-चार एमबीचा, म्हणजे मर्यादेच्या साठ ते ऐंशी पट. इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकवलं पाहिजे : फोटोची लांबी-रुंदी कमी करणं आणि त्याची दाबणूक, म्हणजे कॉम्प्रेशन, वाढवणं. नुसती दाबणूक वाढवली की चेहऱ्यावर चौकोन उमटतात आणि अर्ज छाननीत परत येतो. आधी लांबी-रुंदी कमी करावी, मग उरलेलं दाबणुकीवर सोडावं.

आता पत्त्यांकडे. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो. जुन्या, चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत असे साधारण ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. तरीही घरोघर नवे फोन जोडले जात राहिले, कारण राउटर पत्ते वाटून घ्यायची सोय करतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाड्याचा एकच पत्ता दिसावा आणि आत दहा बिऱ्हाडं नांदावीत, तसं घरातल्या सगळ्या यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे आतले पत्ते मिळतात आणि बाहेर एकच पत्ता दिसतो. याला नॅट म्हणतात. आतले पत्ते राउटर आपोआप वाटतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. ऑफिसमध्ये कोणीतरी हाताने पत्ता घालून ठेवला आणि राउटरने तोच दुसऱ्याला दिला की 'आयपी कॉन्फ्लिक्ट'ची पाटी झळकते आणि प्रिंटर अचानक मुका होतो. सहाव्या आवृत्तीत पत्त्यांची टंचाईच राहिली नाही. भारतात मोबाइल कंपन्यांनी, विशेषतः २०१६ साली आलेल्या जिओने ती मोठ्या प्रमाणावर वापरात आणली.

राउटर, स्विच आणि वायफाय यांचीही गल्लत होते. स्विच एकाच जागेतली यंत्रं एकमेकांना जोडतो. राउटर ती जागा बाहेरच्या जगाशी जोडतो. वायफाय म्हणजे तुमच्या फोनपासून राउटरपर्यंतचा बिनतारी टप्पा, इंटरनेट नव्हे. फोनवर वायफायच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या असतात तरी नेट चालत नाही, कारण पट्ट्या फक्त त्या पहिल्या काही फुटांची हमी देतात. कारखान्यात माग केबलने जोडणाऱ्यांनी आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. नेहमीच्या तांब्याच्या नेटवर्क केबलचा एक तुकडा १०० मीटरपर्यंतच भरवशाचा असतो. त्यापलीकडे मध्ये स्विच घालावा लागतो किंवा फायबर ओढावं लागतं. लांबलचक शेडमध्ये शेवटचे दोन माग सारखे 'ऑफलाइन' दिसत असतील, तर सॉफ्टवेअर बदलण्याआधी टेप घेऊन केबल मोजा.

आता 'सर्व्हर डाऊन'. सर्व्हर म्हणजे मागितलेली माहिती देणारा कॉम्प्युटर आणि तो बंद पडला तरच हे वाक्य खरं. पण मधल्या वाटेवरचं काहीही तुटलं तरी आपण त्यालाच दोष देतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप जगभर जवळपास सहा तास बंद पडले. त्या दिवशी सर्व्हर जळाले नव्हते. देखभाल करताना कंपनीच्या जाळ्याकडे येण्याचे मार्ग जगाच्या नकाशावरून पुसले गेले, त्यामुळे नाव विचारलं तर पत्ता सांगणारी कंपनीची यंत्रणाही सापडेना. नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. उलट १९ जुलै २०२४ ला जगभर विमानतळांवरचे पडदे निळे पडले तेव्हा नेटवर्क ठणठणीत होतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने विंडोजवरचे कॉम्प्युटर स्वतःच कोसळत होते. सेतू केंद्राच्या खिडकीपाशी उभ्या माणसाला दोन्ही दिवशी उत्तर एकच मिळालं असतं.

फरक ओळखायला पैसे लागत नाहीत. 'पिंग मारणं' हा शब्द नेटवर्कवाल्या पोरांच्या तोंडी असतो. हा छोटा प्रोग्राम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला आणि चार दशकांनंतरही त्याच्याइतकं कामाचं दुसरं हत्यार नाही. आधी आपल्या राउटरला पिंग मारा, तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा त्याच्या जवळपासचा पत्ता असतो. उत्तर आलं नाही तर दोष घरातच आहे. आलं तर ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक डीएनएसच्या पत्त्याला मारा. तिथून उत्तर नसेल तर लाइनवाल्याला फोन करा. तिथूनही उत्तर आलं पण नावाने साइट उघडत नसेल, तर डीएनएसचा घोळ आहे. आणि बाकी सगळ्या साइट उघडतात, एकच उघडत नाही, तर तेव्हा कुठे त्या सर्व्हरवर संशय घ्यावा.

साइट उघडते पण आकडा दाखवून थांबते, तेव्हा तो आकडा वाचा. चारशेने सुरू होणारे आकडे मागणाऱ्याच्या बाजूची चूक सांगतात : ४०४ म्हणजे मागितलेलं पान तिथे नाही, ४०३ म्हणजे तुम्हाला परवानगी नाही. पाचशेने सुरू होणारे आकडे देणाऱ्याच्या बाजूची चूक सांगतात, त्यांतला ५०३ म्हणजे सर्व्हर कामाच्या ओझ्याखाली आहे किंवा दुरुस्तीला काढला आहे. शेवटच्या तारखेच्या रात्री दिसतो तो बहुधा हाच. त्या पडद्याचा तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवलेला विद्यार्थी तक्रार करताना नुसतं 'साइट चालत नव्हती' म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी भक्कम पायावर उभा असतो. नेटवर्कच्या सगळ्या परिभाषेतून सामान्य माणसासाठी एकच गोष्ट निवडायला सांगितली, तर मी हे आकडे निवडीन.

फाइल पोचवण्याच्या नियमांची कथा एका भारतीयापासून सुरू होते, आणि ती आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी. फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजे एफटीपी, याचा पहिला आराखडा अभय भूषण यांनी लिहिला. कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली बाहेर पडून ते अमेरिकेत एमआयटीमध्ये गेले आणि १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांचा हा आराखडा आरएफसी ११४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. आज इंटरनेट ज्या टीसीपी-आयपी नियमांवर चालतं, त्यांवर तेव्हाचं आर्पानेट गेलं ते १ जानेवारी १९८३ ला. म्हणजे एफटीपी त्याच्याही बारा वर्षं आधीचा. प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी आधीच ठरवून घेतलेली बोलण्याची रीत : कोणी आधी बोलायचं, 'मिळालं' कसं सांगायचं, चुकलं तर काय करायचं. टीसीपी माहितीचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट करून पाठवतो, प्रत्येकाची पोच घेतो आणि हरवलेलं पुन्हा मागवतो. यूडीपी पोचेची वाट पाहत नाही, म्हणून व्हिडिओ कॉलला तो चालतो, सातबाऱ्याच्या फाइलला चालणार नाही.

महाराष्ट्राचाही या कथेत वाटा आहे. १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात मुंबईच्या जुहूतली एनसीएसटी ही संस्था आघाडीवर होती आणि भारताचा बाहेरच्या जगाशी ई-मेलचा पहिला नियमित धागा तिच्यातून जुळला. तेव्हा लाइन सतत जोडलेली नसे. साठलेली पत्रं ठरलेल्या वेळी फोन लावून एकदम पाठवली जात. साठवा आणि संधी मिळाली की पुढे सोडा, ही रीत आजही गावात उपयोगी पडते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढतो. रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये राहते आणि नंतर अपलोड करता येते. 'नोंद केली' आणि 'अपलोड झाली' या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे ज्याला कुणी सांगितलं नाही त्याची नोंद फोनमध्येच राहून जाते. शब्दाच्या अज्ञानाची किंमत इथे नुकसानभरपाईच्या रकमेपर्यंत जाऊ शकते.

एफटीपीचं दुखणं असं की तो नाव आणि पासवर्ड उघड्यावर पाठवतो. वाटेत कान लावून बसलेल्याला ते सरळ वाचता येतात. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशीच पासवर्डची चोरी झाल्यावर १९९५ साली तातू इलोनन यांनी एसएसएच तयार केलं आणि त्याच बंद बोगद्यातून फाइल नेण्याच्या रीतीला एसएफटीपी म्हणतात. २०२१ साली क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपीचा आधार काढून टाकला. तरीही लहान दुकानांच्या, संस्थांच्या वेबसाइट सांभाळणारे अनेक जण आजही साधं एफटीपीच वापरतात. बदल फार छोटा असतो : प्रोग्रामच्या खिडकीत २१ ऐवजी २२ हा पोर्ट आणि एसएफटीपी हा पर्याय निवडायचा, होस्टिंगवाल्याने तो दिलेला असला म्हणजे झालं. पोर्ट म्हणजे एकाच यंत्रावरचे क्रमांक दिलेले दरवाजे. साध्या वेबसाइटचा ८०, कुलूपवाल्या वेबसाइटचा ४४३. दुकानातल्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर घरून दिसावा म्हणून लोक राउटरमध्ये दरवाजा उघडून ठेवतात आणि पासवर्ड कारखान्याने दिलेलाच ठेवतात. मग गल्ल्यावरचा कॅमेरा जगातल्या कुणालाही उघडा असतो. हे वाचत असताना तुमच्या दुकानात तसं असेल तर आधी तो पासवर्ड बदलून या.

एफटीपीत पाठवण्याच्या दोन तऱ्हा होत्या : मजकुराची आणि बायनरीची. मजकुराच्या तऱ्हेने फोटो पाठवला की तो मोडायचा, कारण यंत्र मधल्या खुणा ओळींच्या समजून बदलून टाकायचं. यातून हाताला लागणारी गोष्ट मराठी माणसाने डीटीपीच्या दुकानात फार महागात शिकली आहे. फाइल एकाही बाइटचा फरक न पडता पोचली, तरी पलीकडे ती वाचता येईलच असं नाही. लग्नपत्रिकेचा मजकूर श्री-लिपीत किंवा कृतिदेवमध्ये केला, मेल केला, आणि पलीकडच्या कॉम्प्युटरवर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, हा अनुभव नसलेला मराठी मुद्रक सापडणार नाही. कृतिदेवमध्ये पडद्यावर 'काम' दिसतं तेव्हा फाइलमध्ये साठलेली असतात डी, के आणि ई ही इंग्रजी अक्षरं. फॉन्ट असेल तरच त्यांचं मराठी होतं. म्हणून 'कर्व्ह करून पाठवा' ही विनंती जन्माला आली. अक्षरांची चित्रं करून पाठवायची, म्हणजे फॉन्ट लागत नाही, पण नंतर एक वेलांटीही दुरुस्त करता येत नाही.

याचं खरं उत्तर युनिकोड आहे आणि देवनागरी त्याच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात आहे. त्याच वर्षी भारताने इस्की हे आपलं प्रमाणही ठरवलं. युनिकोडमध्ये 'क' हा 'क'च राहतो, फॉन्ट कुठलाही असो. जागा थोडी जास्त लागते : यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, त्यामुळे 'सोलापूर' या सात खुणांच्या शब्दाला २१ बाइट आणि इंग्रजीत लिहिलेल्या त्याच नावाला सात. मराठी एसएमएस १६० ऐवजी ७० खुणांत संपतो तोही अशाच कारणाने. छपाईच्या सॉफ्टवेअरांनी जोडाक्षरं नीट मांडायला फार वर्षं लावली, म्हणून मुद्रक जुन्या फॉन्टना चिकटून राहिले आणि त्यांचा दोष फार नाही. पण या दिरंगाईचं नुकसान मोठं आहे. नव्वदच्या दशकापासूनची मराठी पुस्तकं, मासिकं, स्मरणिका अशा फाइलींमध्ये पडून आहेत, ज्यांत शोध घेता येत नाही आणि फॉन्ट हरवला तर वाचताही येत नाहीत. ज्यांच्याकडे असे साठे आहेत त्यांनी ते आजच युनिकोडमध्ये उतरवून घ्यावेत. रूपांतराची साधनं सहज मिळतात, मुद्रितशोधन मात्र माणसालाच करावं लागतं.

पेन ड्राइव्हबद्दल थोडक्यात. लग्नाच्या व्हिडिओची सहा जीबीची फाइल वीस जीबी मोकळ्या ड्राइव्हवर बसत नाही, कारण फॅट३२ पद्धतीने आखलेल्या ड्राइव्हवर एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. तो एक्सफॅटमध्ये आखून घ्यावा, आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून. आणि पट्टी शंभर टक्के भरली तरी काही माहिती अजून कॉम्प्युटरच्या स्मृतीत असू शकते, म्हणून 'सेफली रिमूव्ह' करूनच ड्राइव्ह काढावा.

आज सोलापूरची बहुतेक फाइल-वाहतूक व्हॉट्सअॅपवरून होते. नवी पेठेतून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला पाठवलेला फोटो शहरातल्या शहरात जात नाही, तो कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जाऊन परत येतो. फोटो म्हणून पाठवला की त्याची दाबणूक होते. टॉवेलच्या रंगाची छटा, किनारीची वीण असं जे ग्राहकाला पाहायचं असतं, तेच त्यात हरवतं. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो आणि २०२२ पासून अशा फाइलची मर्यादा दोन जीबी आहे. मेलला मात्र २५ एमबीच्या आसपास थांबावं लागतं, शिवाय मेलसाठी फाइल मजकुरात बदलताना ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून वीस एमबीची फाइलही कधी कधी परत येते. मोठ्या फाइलसाठी ड्राइव्हवर चढवून लिंक पाठवणं बरं. तिथे 'मला परवानगी नाही' अशी बोंब उठते ती लिंकबरोबर पाहण्याचा हक्क द्यायचा राहिल्यामुळे. साधनं एका आदेशाने जाऊ शकतात हेही ध्यानात असावं. २०२० च्या मे महिन्यात दूरसंचार विभागाने डिझाइनरांचं लाडकं वीट्रान्सफर बंद करायला सांगितलं आणि २९ जूनला बंदी आलेल्या ५९ चिनी अॅपांमध्ये शेअरइट, झेंडर आणि कॅमस्कॅनर होते. शेअरइट, झेंडरने नेट नसताना फोन ते फोन थेट वायफायवर सिनेमे फिरायचे. अॅपं गेली तरी ती रीत गेली नाही, आजच्या फोनमधली क्विक शेअरसारखी सोय तेच करते आणि तिला डेटा पॅक लागत नाही.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड लावले, २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत पुढे दीक्षा पोर्टलचे कोड आले. या कामाचं मोल मला फार वाटतं, म्हणूनच त्यातली तांत्रिक बाजू नीट सांगायला हवी. त्या चौकोनात कविता किंवा व्हिडिओ नसतो, असतो फक्त वेबचा पत्ता. पलीकडचा सर्व्हर चालू, त्यावरचं पान जागेवर आणि शाळेत नेट असेल तोवरच कोड बोलतो. पुस्तक दहा वर्षं टिकेल, पत्ता टिकेल का याची जबाबदारी कुणीतरी घेतली पाहिजे. दुकानातल्या पैसे देण्याच्या कोडमध्येही फक्त पत्ताच असतो, म्हणून वरून दुसरा कागद चिकटवला की पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात.

शेवटी तारा. २०११ साली मंजूर झालेलं आणि पुढे भारतनेट नाव मिळालेलं फायबरचं जाळं ग्रामपंचायतीपर्यंत आणायची योजना आहे. फायबर पोचणं आणि फायबर चालू असणं यांत वीज, बॅटरी आणि रस्ता खोदणारं जेसीबी उभं असतं. जगाशी जोडणाऱ्या बहुतेक तारा समुद्रतळावरून मुंबई-चेन्नईच्या किनाऱ्याला लागतात. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात तारा तुटल्या तेव्हा भारतातलं नेट मंदावलं होतं. देशातली वाहतूक देशातच फिरावी म्हणून २००३ साली निक्सी ही देवघेवीची व्यवस्था उभी राहिली, नाहीतर शेजारच्या दोन कंपन्यांमधली माहितीही परदेशातून फिरून येत असे.

हे सगळं शिकवलं जात नाही असं नाही. २००१ पासून एमएस-सीआयटीने राज्यातल्या लाखो लोकांना माउस धरायला शिकवलं, हे मोठं काम आहे. बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये नेटवर्कचा धडा आहे. पण धडा सुरू होतो स्टार, बस, रिंग अशा जोडणीच्या आकृत्यांपासून आणि पोचतो १९८४ च्या ओएसआय प्रमाणाच्या सात थरांपर्यंत. मुलं सात नावं क्रमाने पाठ म्हणतात आणि घरचा राउटर अडला की लाइनवाल्याला फोन करतात. माझं मत स्पष्ट आहे : क्रम उलटा हवा. आधी बिघाड, मग त्याला नाव, मग आकृती. पिंग मारणं, पाचशे तीनचा अर्थ, बिट-बाइटचा हिशोब आणि युनिकोड एवढं एका आठवड्याच्या तासांत प्रत्यक्ष करून घेता येतं, त्याला वेगळी प्रयोगशाळा लागत नाही.

सोलापुरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ आहे, आयटीआय आहे. तिथल्या शिक्षकांना विनंती आहे की विद्यार्थ्यांचा एखादा छोटा प्रकल्प सेतू केंद्राच्या खिडकीसाठी द्यावा : पडद्यावर कोणता आकडा दिसला तर काय करायचं आणि कुणाला फोन करायचा, हे सांगणारा एका पानाचा मराठी तक्ता. सोबत तेलुगू आणि कन्नडही असू द्या, या शहरात तिन्ही भाषांची माणसं रांगेत असतात.